आधी हाक कुणाची?



सहामाही परीक्षा संपली की आमच्या आळीत दिवाळीच्या किल्ल्याची धावपळ सुरू होते. कुणी माती आणतं, कुणी किराणा दुकानातून रिकामी पोती मागून आणतं, कुणी पडक्या भिंतीच्या विटा. गेल्या वर्षी या गडबडीत एक मुलगा घमेलंभर माती घेऊन बाजूला उभा होता. वय चौदा-पंधरा. त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत किल्ल्याचा म्होरक्या तोच असायचा. बुरूज ढासळू नये म्हणून पोतं चिखलात कसं भिजवायचं, अळीव किती दिवस आधी पेरायचं, हे सगळ्यांना त्यानेच शिकवलेलं. मधल्या काळात दोन मोठ्या मुलांच्या नादाने मोबाइल चोरीच्या प्रकरणात तो सापडला, काही दिवस निरीक्षणगृहात राहिला आणि जामिनावर घरी आला. वरच्या गॅलरीतून एका आईने आपल्या मुलाला हाक मारली, "वर ये, आत्ताच्या आत्ता." मग दुसऱ्या घरातून हाक आली, मग तिसऱ्या. अंगणात तो आणि घमेलं, एवढंच उरलं.

त्याचं नाव मी सांगणार नाही. गाव आणि आळीही मुद्दाम पुसट ठेवली आहे. ही माझी सज्जनता नव्हे, कायदाच तसा आहे. यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग 'कायद्याच्या दारातलं बालपण' या विषयाला द्यायचं ठरलं, ते मात्र त्या घमेल्यामुळे.

मुलाने गुन्हा केला तर त्याचा न्याय मोठ्यांसारखा करायचा नाही, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात बालकांसाठीचा कायदा १९२४ साली झाला. पुढे १९८६, २००० आणि २०१५ असे तीन केंद्रीय कायदे आले. बालहक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार आपण १९९२ साली स्वीकारला. आज लागू असलेला बाल न्याय अधिनियम जानेवारी २०१६पासून अमलात आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असतं. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली किमान एक स्त्री. मंडळाने उंच व्यासपीठावर बसायचं नाही. मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. मुलाला बेड्या नाहीत, कोठडी नाही. चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे आणायचं. परिविक्षा अधिकाऱ्याने घर, शाळा, संगत यांची चौकशी करून पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि प्रत्येक मुलाला नव्याने सुरुवात करण्याचा हक्क, ही या कायद्याची तत्त्वं आहेत.

पण यातलं आपल्याला किती ठाऊक असतं? मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. तीनशे शब्दांचा निबंध ही त्याच्या जामिनाची एक अट होती. सारा महाराष्ट्र संतापला आणि तो संताप रास्त होता. मात्र त्यानंतर बाल न्याय मंडळ म्हटलं की अनेकांना तेवढा निबंधच आठवतो. मंडळाच्या दारात जी शेकडो पोरं येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी गाडी नसते. वकील नसतो. मंडळ कुठे बसतं आणि तिथे काय बोलायचं असतं, हेही घरच्यांना माहीत नसतं. ही दरी भरून काढायची तर मंडळालाच वस्तीत यावं लागतं.

या वर्षी उन्हाळ्यात ते आमच्याकडे आलं. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या. मंडळाच्या सदस्य असलेल्या ताई, परिविक्षा अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या एक वकीलबाई आल्या. आयोजकांनी मांडलेल्या खुर्च्या ताईंनी भिंतीला सरकवल्या आणि त्या बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या. भाषण झालंच नाही, थेट प्रश्न सुरू झाले. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "पोलिसांनी पोराला नेलं तर पयलं कुठं जायचं?" वकीलबाईंनी सगळं पायरीपायरीने सांगितलं. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, त्याला भेटा. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील फुकट मिळतो. अडचणीत १०९८ हा नंबर फिरवा. हमी द्यायला पैसे नाहीत म्हणून मुलाला अडकवून ठेवता येत नाही, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीही त्याला सोडता येतं. हे ऐकून मागच्या रांगेतली एक आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मग मी मंगळसूत्र कशापायी गहाण टाकलं?" कुणीतरी मध्यस्थ तिच्याकडून 'पोराला सोडवायचे' म्हणून पैसे घेऊन गेला होता. एवढी साधी माहिती वेळेवर पोचली असती तर ते मंगळसूत्र तिच्या गळ्यात राहिलं असतं.

मग एक निवृत्त गुरुजी उठले. त्यांचा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळांचा आहे. "म्हणजे शिक्षा नाहीच? ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?" ताईंनी तो प्रश्न झटकला नाही. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिविक्षा आणि गरज पडली तर विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणं, असे मार्ग मंडळापुढे असतात, हे त्यांनी समजावलं. सोळा वर्षांवरच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर त्याचा खटला प्रौढांप्रमाणे चालवायचा का, हे प्राथमिक मूल्यमापन करून ठरवलं जातं. २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ही तरतूद आली, हेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, नुकसान झालेलं घरही याच वस्तीत आहे आणि पोराचं घरही. चौकशी संपली की दोघांना एकाच नळावर पाणी भरायचंय. त्या नळावर काय होतं, ते मंडळाच्या हातात नाही."

शेवटी गॅलरीतली ती आई बोलली. आवाजात राग नव्हता, भीती होती. "माझ्या लेकराला त्याची संगत लागली तर जबाबदार कोण?" कोण पोरगा, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ताईंनी त्याचं नाव घेतलं नाही, तो उभा होता त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुमची भीती खरी आहे. पण एकटं पडलेलं पोर जो आधी हाक मारील त्याच्यामागे जातं. कोपऱ्यावरचा भाई हाक मारायला कधीच उशीर करत नाही. उशीर आपण करतो."

ही हाक हाच या अंकाचा विषय आहे, असं मला वाटतं. पुण्याच्या रस्त्यांवर कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुलं सापडतात तेव्हा आपण कडक कायदा मागतो. पण त्या मुलाला कोयता हातात घेण्याच्या वर्षभर आधी कुणाकुणाची हाक आली होती आणि कुणाकुणाची आली नव्हती, हे आपण विचारत नाही. शाळेने दाखला हातात ठेवला असेल, गॅरेजवाल्याने उद्यापासून येऊ नको म्हटलं असेल, नातेवाइकांनी लग्नाला बोलावलं नसेल. मंडळ आदेश देऊ शकतं. परिविक्षा अधिकारी मुख्याध्यापकांपुढे मुलाला घेऊन बसू शकतो. पण वर्गात त्याच्या शेजारी बसायला तयार असलेलं दुसरं मूल कुठल्याही आदेशाने मिळत नाही. म्हणून मंडळाचं वस्तीत येणं ही निव्वळ माहिती मोहीम मी मानत नाही. न्यायाचं जे निम्मं काम आपल्या ओट्यांवर व्हायचं असतं, त्याची आठवण द्यायला ही माणसं येतात. गावोगावच्या बाल संरक्षण समित्या त्यासाठीच आहेत. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांनी एकत्र बसून कुठलं मूल शाळेतून गळतंय, कुठलं रात्री घरी येत नाही, याचा विचार करायचा असतो. आपल्या गावातली समिती शेवटची कधी बसली, हे वाचकांनी यंदाच्या सुट्टीत जरूर विचारावं.

आमच्या धंद्याचाही यात वाटा आहे. मुलाची ओळख उघड करायला वर्तमानपत्रांना आणि मासिकांना कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी आहे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही शाळेचं नाव, वस्ती, वडिलांचा व्यवसाय असे तपशील बातमीत येतात आणि गाव ओळखायचं ते ओळखतं. या अंकात असा एकही तपशील राहू नये म्हणून प्रत्येक लेख आम्ही पुन्हा पुन्हा तपासला. कायद्यातला शब्द 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा आहे. उच्चाराला जड आहे खरा, पण त्यात मूल आधी दिसतं. 'बालगुन्हेगार' हा शब्द या एका वाक्याखेरीज आमच्या पानांवर तुम्हाला सापडणार नाही.

या विभागात मंडळावर काम केलेल्यांचे, परिविक्षा अधिकाऱ्यांचे आणि शिक्षकांचे लेख आहेत. नुकसान सोसलेल्या एका कुटुंबाचं मनोगतही आहे. ते आधी वाचा, अशी विनंती आहे. दुःख गिळून त्यांनी जे लिहिलं, त्यापुढे संपादकाचे शब्द तोकडे पडतात. कथा, कविता, ललित हे नेहमीचे विभाग आहेतच. 

हे लिहीत असताना खिडकीखाली यंदाचा किल्ला उभा राहतो आहे. बुरुजावर अळिवाची हिरवी लव आली आहे. घमेलं तोच मुलगा भरतोय. त्याच्यासोबत दोघंच आहेत, बाकीची अजून आलेली नाहीत. त्या दोघांतला एक वरच्या गॅलरीतल्या बाईंचा. मघाशी गॅलरीतून हाक आली तेव्हा माझा हात थबकला. त्या म्हणाल्या, "पाणी जपून वापरा रे, नळ संध्याकाळी येणार नाही."

त्या 'रे'मध्ये तिघंही होते.



— संपादक