भिंतीचे कान कुणाचे?

परवा शेजारच्या अक्का मोबाईल घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनी, हे परदेशी ॲप काढून टाका बघू. आपलं सगळं तिकडच्या सरकारला कळतंय म्हणे." काढून दिलं. चहा पिताना मी विचारलं, "आणि आपल्या सरकारला कळलं तर?" अक्का हसल्या. "ते काय, आपलंच की!"

अक्कांची भीती खोटी नाही. अमेरिकेची एनएसए ही संस्था देशोदेशीच्या लोकांचे ईमेल आणि फोनच्या नोंदी गोळा करते, हे २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलं. त्यातून भारतही सुटला नव्हता. पण तिकडचा अधिकारी आपल्या दारात चौकशीला येणार नाही, की अक्कांची पेन्शन अडवणार नाही. ते करू शकतं इथलंच सरकार.

कर्नाटकाला हा विषय नवा नाही. फोन चोरून ऐकल्याच्या आरोपांवरून १९८८ साली मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला होता. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिला, की फोन ऐकायचा तर गृहसचिवांचा आदेश हवा. तो आदेश तपासणारी समितीही अधिकाऱ्यांचीच!

मग भरवसा कशाचा? परदेशी सरकारला आपण जाब विचारू शकत नाही, आपल्या सरकारला कोर्टात खेचू शकतो. कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी तेच केलं. वयाच्या ८६ व्या वर्षी, २०१२ साली, ते आधारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०१८ साली आधार टिकलं, पण बँक खातं आणि सिमकार्डासाठी त्याची सक्ती उठली.

काम अजून संपलेलं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने कंपन्यांवर बंधनं घातली. केंद्र सरकारला मात्र देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन आपल्या यंत्रणांना त्यातून मोकळं ठेवता येतं.

हे सगळं ऐकून अक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग कानडीत म्हणाल्या, "गोडेगू किवी इदे." भिंतीलाही कान असतात, हे दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी नातवाचं सिमकार्ड घ्यायला गेल्या, तेव्हा दुकानदाराला विचारून आल्या, "आधारच कशाला? दुसरं ओळखपत्र चालत नाही काय?" उत्तर काय मिळालं ते राहू दे. अक्कांनी विचारलं तर खरं.