सोनं नाही, हेही उत्तरच आहे



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणेरावळे, मग आळस... आज मात्र राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांच्यावर राग आहे त्यांतले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात, हे माहीत असूनच लिहिते आहे. नंतर फोनवर कुरकुर नको.

गेल्या दसऱ्याला आम्ही सगळे धाकट्या बहिणीकडे जमलो होतो. सोनं देण्याघेण्याचा कार्यक्रम चालू होता. माझ्या भाच्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवत आपल्यातलंच कुणीतरी म्हणालं, "घे बाबा, तुला आमच्याकडूनच सोनं घ्यावं लागणार. चार वर्षं दगड फोडलेस, गुंजभर तरी सापडलं का?" सगळे हसले. मीही हसले, सवयीने. भाचाही हसला. पण पानं खिशात घालून जो गच्चीवर गेला, तो पानं वाढल्यावरच खाली आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा मुलगा भूगर्भशास्त्रज्ञ आहे. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टी-मस्की नावाचा जुन्या खडकांचा पट्टा आहे, तिथल्या एका छोट्या भागात चार वर्षं त्याने सोन्याचा शोध घेतला. शेवटी अहवाल दिला की, सोनं आहे, पण खाण काढावी इतकं नाही. काम बंद झालं. आणि घरात मात्र त्याची ओळख 'सोनं न सापडलेला' अशी होऊन बसली.

माझं म्हणणं असं आहे की त्याने त्याचं काम चोख केलं. चुकतो आहोत ते आपण. कसं, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी हट्टाने मी त्याच्या कॅम्पवर चार दिवस राहून आले. तूर आणि कापसाची शेतं, मधूनच काळपट हिरव्या खडकांचे उंचवटे. मला वाटायचं, सोनं म्हणजे नदीच्या वाळूत चमकणारे कण. तो म्हणाला, "मावशी, इथलं सोनं गारगोटीत असतं." आपण लहानपणी दोन गारगोट्या घासून ठिणग्या पाडायचो, तीच गारगोटी. तिचे पांढरे पट्टे खडकातून शिरांसारखे गेलेले असतात. शास्त्रीय भाषेत क्वार्ट्झ व्हेन.

आणि 'शियर झोन' म्हणजे काय? तर जमिनीखाली काही किलोमीटरवर, प्रचंड दाब आणि उष्णता असताना, खडकाचे दोन मोठे भाग एकमेकांना घासत सरकतात. मधला पट्टा भरडला, चेपला जातो, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा होतो. त्यातल्या भेगांमधून खालचं तापलेलं पाणी वर येतं. त्या पाण्यात गारगोटीचं द्रव्य विरघळलेलं असतं आणि गंधकाच्या आधाराने अगदी थोडं सोनंही. भेग फाटली की दाब एकदम उतरतो आणि गारगोटी थिजते. आजूबाजूच्या खडकात लोह भरपूर असेल तर गंधक लोहाला जाऊन मिळतं आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. भेग बुजते, पुन्हा फाटते, पुन्हा भरते. असं शेकडो वेळा. हट्टीच्या बाबतीत ही गोष्ट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची.

ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं. पांढऱ्याशुभ्र गारगोटीचा एक मोठा तुकडा उचलून मी विचारलं, "यात किती असेल रे?" तो म्हणाला, "बहुतेक काहीच नाही. अशी स्वच्छ गारगोटी बहुतेकदा वांझ निघते. मळकट, धुरकट, आतून पट्टेपट्टे असलेली बघायची." मी तुकडा खाली ठेवला.

खरं काम मी पाहिलं ते त्यानंतर. पट्टा ज्या दिशेने जातो त्याला आडवे चर खणायचे. चराच्या तळाशी खडकात सारख्या रुंदीची खाच पाडून मीटर-मीटरचा नमुना वेगळा भरायचा. चांगला दिसणारा दगड उचलायचा नाही, येईल तो घ्यायचा. मग तिरके बोअर मारून खोलवरच्या खडकाच्या लांब कांड्या काढायच्या. त्यांना कोअर म्हणतात. त्या पेट्यांत ओळीने लावायच्या, नंबर घालायचे, उभ्या चिरायच्या. अर्धा भाग तपासणीला, अर्धा तसाच पेटीत. प्रयोगशाळेत पाठवायच्या पिशव्यांत मुद्दाम काही नमुने सोनं नसलेले आणि काही कस आधीच माहीत असलेले मिसळायचे, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. तिथे दगडाची पूड शिशाबरोबर वितळवतात. सोनं शिशात उतरतं. मग हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ते शिसं तापवलं की वाटी शिसं शोषून घेते आणि तळाशी मोहरीहूनही बारीक कण उरतो. तो कण तोलायचा. आपल्या खानापूर-विट्याकडचे गलाईवाले देशभर जो धंदा करतात, त्याचाच हा सख्खा भाऊ.

एवढं कशासाठी? कारण गारगोटीत सोनं सारखं पसरलेलं नसतं. हातभर अंतरात एका जागी भरपूर, दुसऱ्या जागी शून्य. एका नमुन्यावर विसंबलं की माणूस फसतो. सगळी खटपट स्वतःला फसवू नये म्हणून असते.

ती अर्धी कांडी का जपायची, त्याचंही एक उत्तर आहे. ब्री-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियात बुसांगला जगातला एक फार मोठा सोन्याचा साठा सापडल्याचं जाहीर केलं होतं. शेअर आकाशाला भिडले. १९९७ साली उघड झालं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. तिथे कांड्यांचा अर्धा भाग जपून न ठेवता बहुतेक सगळ्या कांड्या तपासणीसाठी भरडून टाकल्या होत्या. म्हणजे पडताळायला मागे काही ठेवलंच नव्हतं. हजारो लोकांची बचत बुडाली. तिथला भूशास्त्रज्ञही 'सोनं सापडलेला'च होता बरं का. त्याच्या नातेवाइकांनी त्याला दसऱ्याला टोमणा मारला नसता.

आता थोडं माझ्याविषयी, कारण दुसऱ्याला बोलायचं तर आधी स्वतःचा कान धरावा.

फेब्रुवारी २०२० आठवतो? उत्तर प्रदेशात सोनभद्र इथे तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी आली. देशाच्या तेव्हाच्या साठ्याच्या पाचपट, असं सगळीकडे छापून आलं. मी ती बातमी हात जोडल्याच्या चार चित्रांसकट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. भाच्याने तेव्हाच लिहिलं, "मावशी, जरा थांबूया. आकडा पटत नाही." त्यावर मी काय उत्तर दिलं? "तुम्हा शिकलेल्यांना देशाचं चांगलं बघवत नाही." तो गप्प बसला.

२२ फेब्रुवारीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. १९९८ ते २००० या काळातल्या त्यांच्या शोधात तिथे ५२,८०६.२५ टन खनिज दिसलं होतं, सोनं नव्हे. त्याचा सरासरी कस टनाला ३.०३ ग्रॅम. मंडळी, मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण खेड्यातल्या शाळेत गणिताचे तासही घेतलेत. हा गुणाकार करा. उत्तर साधारण १६० किलो येतं. कुठे तीन हजार टन आणि कुठे १६० किलो!

दगडाचं वजन आणि सोन्याचं वजन यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला चौथीत मी पुढे ढकललं नसतं. आणि मी स्वतःच नापास झाले होते.

टनाला तीन ग्रॅम म्हणजे किती, तेही बघा. सिमेंटची वीस पोती म्हणजे एक टन. त्या वीस पोत्यांत पाव तोळा, तोही डोळ्यांना न दिसणारा. माझ्या हातातल्या पाटल्या चार तोळ्यांच्या, जुन्या तोळ्याने. तेवढ्या सोन्यासाठी पंधरा टनांहून जास्त दगड जमिनीखालून काढायचा, पिठासारखा दळायचा आणि रसायनांतून न्यायचा. म्हणून पट्टा किती रुंद, किती खोल, मधेच तुटतो का, हे आधी कळायला हवं. कस पुरेसा नसेल तर काढलेलं सोनं विकत घेतलेल्या सोन्यापेक्षा महाग पडतं.

यावर दोन आक्षेप येतील, ते मीच मांडते.

पहिला, आमच्या घरातल्या हिशेबी माणसाचा. "चार वर्षांचा खर्च वाया गेला, त्याचं काय?" त्यांनी वायनाडचा इतिहास वाचावा. १८८० च्या सुमारास तिथल्या गारगोटीच्या शिरांमध्ये अमाप सोनं आहे असा बोलबाला झाला आणि लंडनमध्ये तीसहून जास्त कंपन्या निघाल्या. शिरा नीट तपासायच्या आधीच भांडवल गोळा झालं आणि दगड भरडायची यंत्रं घाटावर चढवली गेली. दोन-तीन वर्षांत सगळा बाजार उठला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! चार वर्षांचा तपास महाग, की न तपासता काढलेली खाण?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "कोलारला सोडून दिलं असतं तर?" खरं आहे. १८८० च्या दशकात तिथली म्हैसूर कंपनीही पैसे संपून बंद व्हायच्या बेतात होती. शेवटचा प्रयत्न म्हणून खणलं आणि चॅम्पियन रीफ हाती लागली. पुढे १२० वर्षांत त्या क्षेत्रातून सुमारे ८०० टन सोनं निघालं. खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. पण तिथे आशा आंधळी नव्हती. पूर्वीच्या लोकांनी खणलेले जुने खड्डे त्याच रेषेवर होते. हट्टीलाही तसंच. तिथले जुने खाणकामगार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडक आगीने तापवून, फोडून सहाशे फुटांच्या आसपास खोल गेले होते. चिकाटीला माझा विरोध नाही. पुराव्याने 'नाही' म्हटल्यावरही 'आहे'च म्हणत राहणं ही चिकाटी नव्हे.

शोध वाया जात नाही, याचं एक उदाहरण तर त्याच पट्ट्यातलं आहे. १९१५ साली सी. बीडन नावाचा सोन्याच्या खाणींचा इंजिनिअर मस्कीला फिरत असताना त्याला खडकावर कोरलेला लेख दिसला. तो सम्राट अशोकाचा निघाला. 'देवानांपिय' म्हणजे अशोकच, हे स्पष्ट नाव घालून सांगणारा तो पहिला सापडलेला लेख. भाच्याने मला तिथे मुद्दाम नेलं होतं. आम्ही दोघं बराच वेळ तिथे बसलो होतो.

परतताना कॅम्पजवळच्या शेतावरचा एक म्हातारा शेतकरी भेटला. कानडीत काहीतरी विचारत होता. मला वाटलं, सोनं किती निघालं ते विचारतोय. भाच्याने सांगितलं, "मावशी, ते विचारताहेत की जमीन जाणार का? गावात जमिनीचे दलाल येऊन गेलेत. मुलगा म्हणतो विकून टाकू, सोन्याचा भाव मिळेल." त्या दिवशी भाच्याकडे उत्तर नव्हतं. अहवाल पूर्ण झाल्यावर तो मुद्दाम त्या गावी गेला आणि म्हाताऱ्याला सांगून आला की इथे खाण होणार नाही, तूर पेरा. ही गोष्ट त्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. मला दसऱ्याच्या रात्री गच्चीवर सांगितली.

'आहे' म्हणणं फार सोपं असतं हो. वर्तमानपत्रात फोटो येतो, सत्कार होतो. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या चंद्रपूर आणि सिंधुदुर्गातही सोन्याचे साठे असण्याची शक्यता जाहीरपणे बोलली गेली, तेव्हा माझ्या फोनवर एका दिवसात नऊ अभिनंदनं आली. शक्यता म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही. या वेळी मी ती पुढे पाठवली नाहीत, एवढीच काय ती माझी प्रगती.

शाळेत गणिताच्या पेपरात मी उत्तराला एक गुण आणि रीतीला तीन गुण द्यायचे. पालक भांडायला यायचे, "उत्तर तर बरोबर आहे ना?" मी म्हणायचे, शेजाऱ्याच्या वहीतूनही बरोबर उत्तर येतं. या मुलाची रीत चार वर्षं, हजारो पिशव्या आणि अर्ध्या कांड्यांच्या पेट्या यांत मांडून ठेवलेली आहे. कुणीही जाऊन तपासावी. उत्तर 'नाही' आलं, म्हणून त्याचे गुण कापणारे आपण कोण?

तेव्हा, २०२० साली ग्रुपवर जे लिहिलं त्याबद्दल मी त्याची इथे, सर्वांसमोर माफी मागते. आणि दसऱ्याला मी जे हसले, त्याबद्दलही. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

पुढच्या दसऱ्याला त्याच्या हातावर पान ठेवताना काय म्हणायचं, हे विचार करायला भरपूर वेळ आहे. माझं म्हणणं पटलं नसेल तर जरूर कळवा. मात्र भांडायला येणार असाल तर तो गुणाकार आधी स्वतः करून या.