लायबेरियाचे देणे

१४ वर्षांची यादवी २००३ मध्ये शमल्यावर लायबेरियात २००५ च्या निवडणुकीने एलेन जॉन्सन सर्लीफ यांचे सरकार आले. या नव्या लोकशाहीस अमेरिकेने सढळ साहाय्य करावे, असा आग्रह तेथील कॅथलिक बिशपांनी धरला. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. मन्‌रोव्हियाचे आर्चबिशप मायकेल फ्रान्सिस यांनी तर चार्ल्स टेलरच्या राजवटीवर निर्भयपणे टीका केली होती. प्रश्न हिशेबाचा आहे.

१९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीने दहा लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांसाठी, एकरी ६ सेंट खंडाने घेण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. सोबत ५० लाख डॉलरच्या कर्जाचा करारही गळ्यात मारला. पुढे रक्तपाताने सत्ता बळकावणाऱ्या सॅम्युएल डो याने १९८५ ची निवडणूक उघडउघड लुबाडली, तरी रेगन सरकारने त्याची पाठराखण केली. अशा राजवटींच्या काळातील ऋणाचा डोंगर हटण्यास २०१० उजाडले. त्यास म्हणे कर्ज‘माफी’! अपराध कोणाचा आणि क्षमा करणार कोण?

व्यापारसंबंध अन्याय्य राहिले तर साहाय्य व्यर्थ ठरते, हे पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवले होते. बिशपांच्या आर्जवात मात्र दातृत्वावरच भर राहिला. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने आपली मदतसंस्थाच मोडीत काढली आणि लायबेरियातील दवाखान्यांत औषधांचा तुटवडा पडला. दात्याच्या मर्जीवर सोपविलेल्या लोकशाहीची ही गत झाली. बिशपांना पुन्हा अर्ज करावयाचा असेल, तर त्यांनी त्याचा आरंभ एकरी ६ सेंटांपासून करावा.