गुमास्ता आणि घरून काम

घरून काम करू द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे बेंगळुरू आणि गुरुग्राममधील मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून घातला जातो. त्याची खरी कसोटी मात्र वाराणसीसारख्या शहरातील सनदी लेखापालांच्या पाच-सात माणसांच्या कार्यालयांत लागते. चौकातील साडीच्या गद्दीवरून बिलांचा गठ्ठा येतो. तो टॅलीत चढवायचा, बँकेच्या उताऱ्याशी ताळा घ्यायचा आणि जीएसटीची मासिक विवरणपत्रे ११ व २० तारखेपर्यंत भरायची. हे सारे सारनाथच्या घरातूनही होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पुरावा सावध करणारा आहे. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२३ मध्ये पुढे आला. कोणी घरी बसायचे आणि कोणी कार्यालयात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. घरी बसणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यातली दोन तृतीयांश तूट पहिल्याच दिवशी दिसली; उरलेली, कार्यालयातले लोक लवकर शिकत गेले म्हणून पडली. आणखी एक निष्कर्ष मला अधिक बोचतो. ज्यांना घरूनच काम हवे होते, त्यांचीच घसरण मोठी होती. आणि त्यामागे काही अंशी मुलांचा वा घरच्यांचा सांभाळ आणि गरिबी होती.

याउलट निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात चीनच्या सी-ट्रिप कंपनीत कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण तेथे घरून काम मिळण्यासाठी सहा महिन्यांची नोकरी, ब्रॉडबँड आणि घरी कामाची स्वतंत्र जागा आवश्यक होती. पक्क्या महालातल्या एकत्र कुटुंबात ती शेवटची अट किती जण पुरी करतील?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या शहरात दूरस्थ काम नवे वाटत नाही. बनारसच्या सावकारी कोठ्या दूरदूरच्या पेढ्या गुमास्त्यांकरवी चालवीत. दक्षिणेतून येणारे यात्रेकरू हुंडीच्या भरवशावर काशीस येत. मालक गुमास्त्यावर नजर ठेवून बसत नसे, त्याची पत्रे वाची आणि रोकड ताडून पाही. मात्र असा माणूस नात्यागोत्यातला, पत ठाऊक असलेला असे. विश्वास आधी कमावलेला, अंतर नंतरचे.

आजही मी हाच क्रम धरीन. आर्टिकलशिपचा विद्यार्थी आणि नवा डेटा एंट्रीचा मुलगा कार्यालयातच बसावा. शेजारच्याची चूक पाहूनच तो शिकतो. चार वर्षे ताळेबंद हाताळलेल्या व्यक्तीला २० तारखेनंतरचे दिवस घरून मिळावेत. मोजायचे ते वेळेत गेलेली विवरणपत्रे आणि नंतर कराव्या लागलेल्या दुरुस्त्या, कॅमेऱ्यासमोरचे तास नव्हेत. (हजेरीपटावरची श्रद्धा किती चिवट असते, हे मी सरकारी सेवेत पुरेसे पाहिले आहे.) संगणक कार्यालयाने द्यावा, अशिलाची कागदपत्रे कोणाच्या खासगी लॅपटॉपवर राहू नयेत, कारण अहवालाखाली सही लेखापालाची असते.

प्रश्न चिघळतो तो मूल झाल्यावर नोकरी सोडणाऱ्या अनुभवी बाईपाशी. तिच्यासमोर पर्याय घर की कार्यालय असा नसतो. घरून काम की कामच नाही, असा असतो. १८ टक्क्यांची तूट धरली तरी तिचे काम कार्यालयाला परवडते. परंतु ती तूट तिच्या पगारातून कापली जाऊ लागली, तर सवलतीच्या नावाखाली स्वस्त मजुरीची नवी प्रथा पडेल.

केंद्राने २०२० च्या अखेरीस सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आहे. पण औद्योगिक संबंध संहितेनुसार स्थायी आदेशांची सक्ती ३०० कामगारांपासून सुरू होते. पाच जणांचे कार्यालय त्या चौकटीत येतच नाही. तेथे कायद्याचा बडगा मलाही नको. सनदी लेखापाल संस्थेच्या वाराणसी शाखेने पगार, उपकरणे, गोपनीयता आणि कामाचे मोजमाप यांवर एका पानाचा नमुना करार तयार करावा. सप्टेंबरअखेरच्या लेखापरीक्षणाची धांदल सुरू होण्यापूर्वी तो हाती आला, तर याच वर्षी वापरून पाहता येईल.