यंत्राचा जागल्या

शहरात घरोघरी आकाशकंदील लागतात, त्या दिवसांत ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडे आरमोरीच्या शिवारात धान कापणीला आलेले असते. दिवाळी असली तरी घरातला कोणीतरी रात्री शेतावर जागलीला जातोच. रानडुकरे धानावर येतात. आणि त्यांच्या मागावर कधी वाघही येतो. ही जागल यंत्राला करता येईल काय?

यंत्र तसे इवलेसे आहे. नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, आपल्या कपडे धुण्याच्या यंत्रात त्याचाच भाऊबंद बसलेला असतो. त्याला जोडायचा एक सेन्सर. हा सेन्सर जनावर ओळखत नाही बरे! सभोवतालापेक्षा कमीअधिक ऊबेचे काही समोरून सरकले, एवढेच त्याला कळते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबात वाघांची मोजदाद होते, ती याच युक्तीने चालणाऱ्या कॅमेऱ्यांनी. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. सेन्सरने सांगितल्यावर छायाचित्र निघायला क्षणभर उशीर झाला, तर चित्रात उरते नुसते शेपूट!

कॅमेऱ्याऐवजी दिवा आणि भोंगा जोडला की झाला शेताचा राखणदार. आता त्याला शिकवायचे काय? नवशिका लिहितो, ‘कोणी आले की भोंगा लाव, दहा सेकंद थांब, बंद कर.’ आणि इथेच फसतो. हा चाकर हुकमाचा पक्का ताबेदार. थांब म्हटले की तो खरोखरच थांबतो. त्या दहा सेकंदांत दुसऱ्या बाजूने अख्खा कळप शेतात शिरला, तरी त्याला पत्ता नसतो.

यावरचा उपाय प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. डाळ शिजत ठेवून ती डोळे मिटून उभी राहत नाही. घड्याळ पाहून ठेवते, पोळ्या लाटते, दारी कोण आले ते बघते आणि मधूनमधून घड्याळाकडे नजर टाकते. यंत्रालाही तेच सांगायचे. भोंगा लागला ती वेळ टिपून ठेव. मग पुन्हापुन्हा, सेकंदाला हजारो वेळा, दोनच प्रश्न विचार. दहा सेकंद झाले का? आणखी कोणी आले का? आले असेल तर मोजणी नव्याने सुरू कर.

भोंग्याचा ताल रोज एकच ठेवला तर जनावरे सरावतात, म्हणून तोही बदलता हवा. आणि चंद्रपूरचा उन्हाळा विसरून चालणार नाही. पारा चाळिशीच्या आसपास गेला, की तापलेली जमीन आणि जनावराचे अंग यांत फारसा फरक राहत नाही आणि सेन्सर चकतो. तेव्हा मे महिन्यात तेंदूपाने तोडायला जाणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

मग हा खटाटोप कशासाठी? पीक जाईल या धास्तीने काहीजण कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. त्यात वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. सौरकुंपणाचा झटका मोजक्या शक्तीचा, निमिषमात्र टिकणारा आणि सेकंदासेकंदाच्या अंतराने येणारा; जनावर दचकून माघारी फिरते. तिथेही सारी मदार वेळेच्या मोजणीवरच आहे. ही मोजणी नेमकी साधली, तर धान वाचेल, वाघ वाचेल आणि जागलीवरचा माणूस दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला घरी असेल.