कोल्हासुराचं चित्र कुठाय?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे त्यातले निम्मे माझे नातेवाईकच आहेत, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. नंतर लग्नाकार्यात तोंड फिरवू नका.

विषय आहे आमच्या पुतण्याच्या कपाटातल्या पुस्तकांचा. त्याच्याकडे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट: क्रॉनिकल'चे खंड आहेत, 'हायरूल हिस्टोरिया' आहे, 'द वर्ल्ड ऑफ द विचर' आहे. ज्यांना ही नावं परकी वाटतील त्यांच्यासाठी सांगतो: ही व्हिडिओ गेमची पुस्तकं, पण गेम कसा जिंकायचा हे त्यात नसतं. गेममधल्या जगाचा इतिहास असतो. तिथली राज्यं, त्यांच्या लढाया, देव, राक्षस, शस्त्रं, नकाशे, कोण कुणाचा वारस, कुणी कुणाला दगा दिला. जाड कागद, भक्कम बांधणी, पानभर रंगीत चित्रं. एकेकाची किंमत ऐकून आमच्या घरात चहाचा कप खाली ठेवला गेला.

मग ठरलेले उद्गार झाले. "खोट्या राजांच्या वंशावळी पाठ करून काय मिळणार?" "एवढ्या पैशात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आली असती." आणि शेवटी एका काकांचा हुकमी एक्का: "आपल्याकडे काय गोष्टी कमी आहेत, की ही साहेबाची भुतं विकत आणायची?"

पहिल्या आक्षेपावर फार शाई घालवत नाही. खोट्या राजांच्या गोष्टींवर तर आमचं सगळं घराणं पोसलेलं आहे. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळातच १८६१ च्या 'मुक्तामाले'सारखी अद्भुतरम्य कथानकं आली. नाथमाधवांची 'वीरधवल' आमच्या आजोबांनी किती वेळा वाचली याचा हिशेब नव्हता. आणि 'चांदोबा'? महिन्याच्या सुरुवातीला तो हातात पडला की आधी कोण वाचणार यावरून मारामाऱ्या करणारे तुम्हीच ना? विक्रमाच्या खांद्यावरचं ते वेताळाचं प्रेत काढणारे शंकर २०२० साली वारले, तेव्हा फोनवर हळहळणारेही तुम्हीच. तेव्हा खोट्या राजांबद्दल आपण न बोललेलं बरं.

उलट ही पुस्तकं वाचणारी पोरं जी वादावादी करतात ती ऐकण्यासारखी असते. 'हायरूल हिस्टोरिया' जपानीत २०११ साली आलं, इंग्रजीत २०१३ मध्ये. 'झेल्डा' मालिकेतल्या खेळांचा काळानुसार क्रम त्यात पहिल्यांदा अधिकृतपणे छापला, आणि एका घटनेनंतर त्या इतिहासाला तीन फाटे फुटतात असं सांगितलं. झालं! कोणता फाटा खरा, कुठल्या खेळातला पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, यावर पोरं वर्षानुवर्षं भांडताहेत. 'एल्डर स्क्रोल्स'मध्ये तर खेळता खेळता सापडणारे ग्रंथच एकमेकांना खोटं पाडतात, आणि कुठल्या लेखकाचा स्वार्थ कशात होता हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आपल्याकडे बखरी वाचताना हेच करावं लागतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिथेही हेच चाललं होतं, फार मोठ्या पातळीवर. कुठला श्लोक मुळातला, कुठला मागून घुसलेला, कुठला कुठल्या पोथीत. पोरांची बुद्धी वाया जात नाहीये, एवढं या मुद्द्यावर पुरे.

आता काकांचा एक्का. आपल्याकडे गोष्टी कमी नाहीत, हे शंभर टक्के मान्य. मग काका, त्या गोष्टींचं असं एक पुस्तक मला आणून द्या. दूर जाऊ नका. आपलंच गाव घ्या.

कोल्हासुर नावाचा असुर होता. देवीने त्याला मारलं. मरताना त्याने वर मागितला की या क्षेत्राला माझं नाव राहू दे. (अभ्यासक गावाच्या नावाच्या दुसऱ्याही व्युत्पत्ती सांगतात, तो वाद वेगळा.) पुढे त्याच्या मुलाने, कामाक्षाने, योगदंडाच्या जोरावर सगळ्या देवांची मेंढरं करून टाकली. त्र्यंबोलीने त्याला मारून देवांना सोडवलं. नंतर विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलावणं गेलं नाही. ती रुसली, टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. अंबाबाई स्वतः समजूत काढायला गेली. म्हणून आजही ललितापंचमीला पालखी टेंबलाईला जाते आणि कोहळा फोडतात. पलीकडे वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ज्योतिबाने रत्नासुराला मारलं. पन्हाळा म्हणजे पन्नगालय, सापांचं घर. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो तळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय.

सांगा, कुठल्या गेम कंपनीने हे नाकारलं असतं? देवांची मेंढरं करणारा खलनायक, उपेक्षित नायिका, गव्हाच्या दाण्याने मोजलेला जगाचा अंत! एका दुपारी दुचाकीवरून फिरता येईल एवढ्या नकाशात.

आणि पुस्तक? मी शोधलं. देवळाच्या आसपास, मंडईजवळ, दोन मोठ्या दुकानांत. मिळाली ती माहात्म्याची पातळ पुस्तकं. कागद असा, की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. आत एखादं काळपट छायाचित्र. चित्र असलंच तर चित्रकाराचं नाव नाही. नकाशा नाही. ही कथा कुठून घेतली, दुसरीकडे ती वेगळी कशी सांगतात, याबद्दल एक ओळ नाही. ज्या असुराचं नाव आपण पत्त्यात लिहितो, त्याचं एक धड चित्र मला मिळालं नाही. आणि 'क्रॉनिकल'वर? आत कोणाची चित्रं, नकाशे कुणी काढले, सगळं नावानिशी. पीटर ली आणि जोसेफ लाक्रुआ ही नावं आमच्या पुतण्याला पाठ आहेत.

हे 'कलापूर' म्हणवणाऱ्या गावात. आबालाल रहिमान इथले. बाबूराव पेंटर इथले, ज्यांनी १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. पुराणातलं जग डोळ्यांसमोर उभं करायचं म्हणजे आधी हातात ब्रश लागतो, हे त्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर राजे असून स्वतः चित्रं काढत. १९१६ मध्ये त्यांचं चित्ररामायण छापून आलं. भांडारकर संस्थेला महाभारतासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, ते सचित्र आवृत्ती व्हावी म्हणून! एवढ्या गंभीर ग्रंथाच्या मुळाशी एका चित्रवेड्या माणसाचा हट्ट होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. चित्रं ही पोरांसाठीची चैन, हा समज आपल्यात नंतर कधीतरी शिरला.

आता हे नुसतं शोभेच्या पुस्तकाचं रडगाणं नाही. नुकसान कुठे होतं ते सांगतो.

२०२० साली 'राजी' नावाचा गेम आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, समोर महाबलासुर, निवेदन करणारे विष्णू आणि दुर्गा. गेम देखणा आहे, प्रश्नच नाही. दृश्यांवर पहाडी लघुचित्रांची छाप आहे. मधूनमधून कथा छायाबाहुल्यांतून पुढे सरकते, त्याला प्रेरणा बालीच्या बाहुल्यांची. बाली! आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान् पिढ्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवताहेत. चित्रकथीच्या पोथ्यांतली एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत गाऊन सांगताहेत. करूळ घाट नाहीतर आंबोली उतरलं की आपल्यापासून तीन-साडेतीन तास. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा चार दिवस बातम्या आल्या, मग आपण पुन्हा विसरलो.

गेम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. चित्रकार जे हाताशी असतं त्यातूनच घेतो. पहाडी चित्रांवर उत्तमोत्तम ग्रंथ आहेत, टेबलावर उघडून ठेवता येतील असे. चित्रकथी बघायची तर पुण्याच्या केळकर संग्रहालयात जा, पिंगुळीला जा, अभ्यासकांचे लेख हुडका. एखाद्या पंचविशीतल्या चित्रकाराच्या टेबलावर पिंगुळीच्या रावणाचं पानभर चित्र असतं, त्याचे ते मोठे डोळे, ठसठशीत रेषा, शेजारी त्याच्या दहा तऱ्हा, तर पुण्यात बसून त्याला बाली आठवलं असतं का? माझं म्हणणं, नसतं.

पोलंडवाल्यांनी काय केलं पाहा. त्यांच्या आज्यांनी सांगितलेली जंगलातली भुतं, रक्त पिणारी स्ट्रिगा, हे सगळं आधी सापकोव्स्कीच्या कथांत आलं, मग 'विचर' गेममध्ये, मग त्या जगाच्या सचित्र ग्रंथात. २०११ मध्ये ओबामा पोलंडला गेले तेव्हा तिथल्या पंतप्रधानांनी त्यांना जो नजराणा दिला त्यात 'विचर २' होता. आपण पाहुण्याला काय देतो? शाल, श्रीफळ, आणि प्लास्टिकच्या चौकटीतला फेटा.

यावर एक आक्षेप येणार, तो खरा आहे, म्हणून टाळत नाही. 'अहो, ते खेळ आहेत, आपले देव आहेत. भावना दुखावतील.' पण १९६७ पासून 'अमर चित्र कथा' घराघरांत आहे. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रं आपण भिंतीवर लावून हळदकुंकू वाहिलं. चित्र काढल्याने देव बाटला असं तेव्हा वाटलं नाही. अपमान वाटायचाच असेल तर त्या मागचं दिसणाऱ्या कागदाचा वाटू दे. खरी अडचण वेगळी आहे. वॉरक्राफ्टला मालक आहे, नफा आहे, म्हणून त्याचे राक्षस नीट जपले जातात. कोल्हासुराला मालक नाही.

पुतण्या, तूही सुटत नाहीस. अझेरॉथमधले डोंगर तुला तोंडपाठ, आणि टेंबलाईला कोहळा का फोडतात हे परवा विचारलं तर तू खांदे उडवलेस. तुझा दोष अर्धाच, पण अर्धा आहे.

मला हवंय ते फार नाही. दीडशे पानं. पहिल्या दोन पानांवर करवीरचा नकाशा, टेंबलाईपासून ज्योतिबापर्यंत. चित्रं इथल्याच कुणा तरुण चित्रकाराची, नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत. प्रत्येक कथेखाली तिची दुसरी रूपं, कुठल्या पेठेत, कुठल्या गावात कशी सांगतात त्यासह. किंमत हजार ठेवा, मी पाच प्रती घेतो, बारशाला आणि मुंजीला देईन.

तोवर निदान गोळा तरी करू. त्र्यंबोली का रुसली याच्या दोन कथा माझ्याकडे आहेत. वर सांगितली ती एक. दुसरीत बोलावणं गेलं होतं, पण उशिरा. आत्या, तुझ्या सासरी शिरोळकडे तिसरीच काहीतरी सांगतात असं तू मागे म्हणाली होतीस. ती सासूबाईंकडून जशीच्या तशी लिहून घे, त्यांच्याच शब्दांत, सुधारू नकोस. आणि नंदी गव्हाएवढा सरकतो की तिळाएवढा, यावर ज्यांचं माझ्याशी पटत नाही त्यांनीही कळवा.