आपलं चाक आपणच फिरवावं!

मित्र-मैत्रिणींनो, आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. जोडाक्षर मोठं आलं की मी रूममेटच्या तोंडाकडे बघते. तेव्हा चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा डोक्यात घ्या.

मुद्दा आहे गेमिंगचा. (रेक्टर मॅडम, घाबरू नका, हे घरी केलंय!) गेम खरा वाटावा म्हणून लोक हजारो रुपयांची स्टिअरिंग विकत आणतात. माझं स्पष्ट मत आहे की ते घरी बनवावं. पैसे वाचतात म्हणून नव्हे. कारण वेगळंच आहे, आणि ते सांगायला जरा लाज वाटते.

गेल्या सेमला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट 'आणला'. बनवला नाही, आणला! अडीच हजारात, रिपोर्टसकट. व्हायव्हात सरांनी रिलेशेजारच्या एका डायोडवर बोट ठेवलं. "हा इथे कशाला?" आम्ही चौघीही गप्प. मार्क मिळाले, पण त्या रात्री मेसमधला घास काही घशाखाली उतरेना.

दिवाळीत घरी गेले तर धाकट्या भावाला ट्रकच्या गेमसाठी स्टिअरिंग हवं होतं. म्हटलं, बनवूया. जुन्या बाजारातून एक चाक आणलं, पासोड्या विठोबापाशी १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर आणि अर्डुइनो लिओनार्डो बोर्ड घेतला. लिओनार्डोच का? त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप स्वतःच यूएसबी बोलते, त्यामुळे कॉम्प्युटर त्याला थेट जॉयस्टिक समजतो. चाक फिरलं की व्होल्टेज बदलतं आणि चिप ते ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचते. बस्स, एवढंच!

एवढंच कसलं... चाक स्थिर, तरी आकडा नाचतोय आणि ट्रक झोकांड्या खातोय! मग १० रीडिंगची सरासरी घेतली, तेव्हा कुठे स्वारी शुद्धीवर आली. 'नॉइज' हा शब्द मी तीन विषयांत पाठ केला होता. भेटला मात्र तेव्हा.

पुढे रस्त्याचे हादरे हातांना जाणवावेत म्हणून छोटी मोटर लावली, ती पण थेट पिनला. पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, मोटर सुरू होतानाच त्याहून जास्त ओढते. पिन गेली! मग मध्ये ट्रान्झिस्टर घातला आणि मोटरला उलटा डायोड जोडला, कारण करंट तोडला की कॉइल उलट व्होल्टेजचा झटका देते. आणि डोक्यात लख्ख ट्यूब पेटली. व्हायव्हातला 'तो' डायोड हाच की!

भावाला मग टीव्हीमागे दिवेही हवे झाले. आता मी शहाणी झाले होते, आधी हिशेब केला. डब्ल्यूएस २८१२ पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा लावला तर साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ६० एलईडी म्हणजे ३.६ अँपिअर! यूएसबी २.० पोर्ट देतो ०.५. वेगळा सप्लाय आणला आणि लॅपटॉप वाचला.

शेवटची परीक्षा मामाची. तो एसटीत ड्रायव्हर. चाकावर बसला, एक वळण घेतलं आणि म्हणाला, "दिवे छान आहेत गं, पण वळणानंतर खरं चाक आपणहून सरळ होतं. हे मेल्यासारखं पडून राहतंय." सायकलच्या ट्यूबचे दोन रबर बांधले, चाक परत यायला लागलं. मामा अर्धा तास उठला नाही! दिव्यांनी जे साधलं नव्हतं ते दोन रबरांनी साधलं.

म्हणून आमच्या विभागाला एक विनंती आहे. 'गेम' म्हटलं की नाक मुरडू नका, असलेही मिनी प्रोजेक्ट घ्या. आणि रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करा: काय जळलं आणि का. विकतच्या प्रोजेक्टमध्ये ते पान मिळत नाही. कुणी ते बनवून विकलंच, तर "हा इथे कशाला?" एवढा एकच प्रश्न पुरे आहे.

आणि मित्रांनो, या सेमला आम्ही चौघी प्रोजेक्ट 'आणणार' नाही. दोन पिन आत्ताच जळल्यात. बघा पटतंय का!